निधान

टिळकवाडीत, दुसऱ्या गेटच्या अलीकडे,
कुंद्याच्या दुकानावर दोन खोल्या.
खाली दूध आटतं, तांबूस होत जातं,
वर आम्ही माणसं सैल करतो.

जिन्यात पाटी : थाई मसाज. वरची ओळ कन्नडमध्ये.
आत खाट वगैरे काही नाही,
जमिनीवर गादी, सैल पायजमा, अंगात कपडे.
पहिल्यांदा आलेले बराच वेळ दाराकडे बघत राहतात.
मग कळतं, इथं लाजायला सवडच मिळत नाही,
इतकं दुखतं.

मला लालमुआनीनं शिकवलं. ती मिझोरामची.
मोडक्या हिंदीत एवढंच म्हणायची :
ताकद नको, वजन दे.
अंगठा थकतो. वजन थकत नाही.

आता मला गिऱ्हाइकांची तोंडं नीट आठवत नाहीत,
बैठका आठवतात.
कोर्टासमोरचे दस्तलेखक हुद्दार :
तीस वर्षं मागच्या उजव्या खिशात पाकीट,
तो खुबा वर राहिलेला,
सपाट रस्त्यावरही एक पाय पायरीवर असल्यासारखे चालतात.
वडगावचे धामणेकर, खड्ड्यातल्या मागावर बसून
कंबर डावीकडे वळलेली. ती सरळ होत नाही,
फक्त थोडं ऐकून घेते.
आणि बसगौडा, एस्टीचे ड्रायव्हर.
मांड्यांच्या पुढच्या दोऱ्या इतक्या आखडलेल्या
की उताणे झोपवले तरी गुडघे उभेच,
अजून क्लच दाबायचा राहिलाय.

त्यांच्या पाठीला गुडघे टेकवून
दोन्ही हात मागून ओढले,
तेव्हा ते कळवळले, 'निधान, अक्का, निधान!'
त्यांच्या भाषेत निधान म्हणजे हळू.
आमच्यात निधान म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा.
मी दोन्ही अर्थांनी दाबत गेले.

मंगळवारी सुट्टी. निपाणीला गेले.
आई उंबऱ्यापाशी, मांडीवर सूप,
सुपात जर्दा, ओल्या फडक्यात कापलेली पानं.
सत्तेचाळीस वर्षं तीच मांडी.
'माणसं पैसं दिऊन तुडवून घेत्यात?'
दरवेळी हसते. 'हिकडं धाड की. फुकट तुडवतो आमी.'

'जरा आडवी हो.'
'हजार पुऱ्या व्हायच्या हाईत.'

मग मी तिला आडवं पाडलंच नाही.
मागं जाऊन बसले.
हे लालमुआनीनं शिकवलं नव्हतं,
गिऱ्हाईक कामावर असताना कसं करायचं ते.
तिची पाठ माझ्या छातीवर घेतली,
खुब्याच्या खळगीत कोपर टेकलं
आणि हळूहळू वजन सोडलं.

दगड.
दगडाखाली आणखी एक थर.
मुकादमानं छाट म्हणून फेकलेल्या बिड्या असतील तिथं,
माझ्या दहावीची फी असेल.
नक्की सांगता येत नाही,
हाडं पावती देत नाहीत.

पान, चिमूट, वळ, दोरा.
बोटांनी माझी दखलही घेतली नाही.
श्वास मात्र लांबला.
मान मागं येऊन माझ्या खांद्यावर टेकली,
केसांना तंबाखूचा वास,
आणि ती पुटपुटली, 'निवांत गं.'
फडक्यातलं पान संपलं
तरी बोटं वळतच राहिली, रिकामी.

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं,
ती चालू होत नव्हती.

मग डोळे उघडून एकदम :
'कितवी हुती ही?'

मला काय माहीत.
कट्टा पंचवीसचा,
आणि तिचा आकडा आजवर चुकलेला नव्हता.
ती माझ्याकडे असं बघत होती
जसं मीच काही चोरलंय.

टोपलीतल्या बिड्या फरशीवर ओतल्या
आणि दोघी एकपासून मोजायला बसलो,
मांडी घालून.